हिरवं कार्ड, पांढरी नंबरप्लेट: वेस्ट बँकमध्ये प्रवास कसा चालतो

जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, इस्रायलच्या लष्करी ताब्यातला पॅलेस्टिनी प्रदेश म्हणजे वेस्ट बँक. रामल्ला आणि बेथलेहेम ही तिथली दोन शहरं. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर अंतर वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे आपल्या दादर-ठाण्याएवढं. मधे जेरुसलेम. सरळ रस्ता जेरुसलेममधूनच जातो, पण रामल्लातल्या सामान्य पॅलेस्टिनी माणसाला तो बंद आहे. तो पूर्वेकडे डोंगर उतरतो, जेरुसलेमला लांबून वळसा घालतो, अबू दिसच्या पुढे ‘कंटेनर’ नावाच्या नाक्यावर थांबतो आणि मग वादी नार नावाच्या खोल दरीतली वळणं घेत बेथलेहेमकडे चढतो. अंतर दुपटीहून जास्त होतं. वेळेचं मात्र सांगता येत नाही. कधी सव्वा तास, कधी चार तास, कधी निम्म्यातून घरी परत.

वळसा कितीही लांब असला तरी माणूस त्याची सवय करून घेतो. तासभर आधी निघतो, झालं. पण त्या ‘कधी’ची सवय होत नाही, कारण त्याचा हिशेब मांडता येत नाही. वेस्ट बँकमधली प्रवासाची यंत्रणा समजून घ्यायची तर भिंत आणि बंदूकधारी जवान यांच्या फोटोंपेक्षा कार्ड, नंबरप्लेट, गेट आणि परवाना या चार गोष्टींकडे आधी पाहावं लागतं.

त्याआधी ‘लष्करी ताबा’ या शब्दाबद्दल. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७च्या हेग नियमावलीचं ४२वं कलम सांगतं की जो प्रदेश प्रत्यक्षात शत्रूच्या सैन्याच्या अधिकाराखाली आला, तो ताब्यातला प्रदेश. जून १९६७च्या युद्धात इस्रायलने जॉर्डनकडून वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम घेतलं, इजिप्तकडून गाझा आणि सिनाई, सीरियाकडून गोलान. पूर्व जेरुसलेम इस्रायलने आपल्या हद्दीत जोडून टाकलं. बहुतेक जगाने ते मान्य केलेलं नाही. वेस्ट बँक मात्र जोडली नाही, ती लष्करी कमांडरच्या अखत्यारीत ठेवली. तिथे कायदा म्हणजे क्रमांक घातलेले लष्करी आदेश. एखादा भाग ‘बंद लष्करी क्षेत्र’ जाहीर करायला त्या कमांडरची सही पुरते. हा प्रदेश ‘ताब्यातला’ नसून ‘वादग्रस्त’ आहे, अशी इस्रायल सरकारची भूमिका आहे. गंमत अशी, की त्यांचंच सर्वोच्च न्यायालय गेली अनेक दशकं या कमांडरचे निर्णय ताब्याच्या कायद्याच्याच मापाने मोजत आलं आहे.

आणखी एक गोष्ट इथेच ध्यानात घ्यायला हवी. त्याच जमिनीवर, त्याच डोंगरावर सुमारे पाच लाख इस्रायली वसाहतींमध्ये राहतात. यात पूर्व जेरुसलेम धरलेलं नाही. त्यांना लष्करी आदेश जवळजवळ लागत नाहीत, इस्रायलचा नागरी कायदा लागतो. सुमारे तीस लाख पॅलेस्टिनींना लष्करी कायदा लागतो. रस्ता तोच, पण त्यावरच्या दोन गाड्यांना कायदे वेगळे.

कार्ड

सप्टेंबर १९६७मध्ये, युद्ध संपून तीन महिने होत असताना, इस्रायली लष्कराने शिरगणती केली. त्या दिवशी जे घरात होते त्यांची नावं लोकसंख्या नोंदवहीत गेली. जे युद्धात पळून गेले होते, शिकायला किंवा कामाला परदेशी होते, त्यांचा रहिवासाचा हक्क गेला. आज वेस्ट बँकमधलं ओळखपत्र पॅलेस्टिनी प्राधिकरण, म्हणजे पॅलेस्टिनींचं मर्यादित अधिकारांचं सरकार, छापतं, त्यावर त्यांचंच चिन्ह असतं. पण नोंदवहीची चावी इस्रायलकडे आहे. ओळख क्रमांक त्यांच्या संमतीनेच मिळतो. प्राधिकरणाने पत्ता बदलून दिला आणि तो इस्रायलच्या संगणकात चढला नाही, तर नाक्यावर जुनाच पत्ता खरा.

याचा सर्वात वाईट फटका गाझाचा पत्ता असलेल्यांना बसला. २०००नंतर इस्रायलने गाझाहून वेस्ट बँकला पत्ता बदलून देणं जवळपास थांबवलं. वर्षानुवर्षं रामल्लात राहणारा, तिथेच लग्न करून मुलंबाळं झालेला माणूस कार्डावर ‘गाझा’ असल्याने कागदोपत्री बेकायदा ठरतो. असे लोक शक्यतो शहराबाहेर पडतच नाहीत. पकडले गेले तर थेट गाझाला रवानगीची भीती.

कार्ड सोळाव्या वर्षी मिळतं. वेस्ट बँकच्या कार्डाचं प्लास्टिकचं पाकीट हिरवं असतं, इस्रायली नागरिकांचं आणि पूर्व जेरुसलेमच्या पॅलेस्टिनींचं निळं. बोलताना लोक ‘तो हिरवा’, ‘ती निळी’ असंच म्हणतात. जवानाने कार्ड घेऊन परत दिलं नाही की माणूस तिथेच अडकतो, कारण कार्डाशिवाय पुढचा नाका नाही आणि मागचाही नाही. म्हणून कुणाला तासभर ‘अडवून’ ठेवायला बेडी लागत नाही. कार्ड खिशात टाकलं की झालं.

नंबरप्लेट

इस्रायली गाडीची नंबरप्लेट पिवळी. पॅलेस्टिनी गाडीची पांढरी, वर हिरवे आकडे. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी जेरुसलेममध्ये किंवा इस्रायलमध्ये जाऊ शकत नाही. गाडीवानाकडे स्वतः आत जायचा परवाना असला तरी त्याला गाडी नाक्याबाहेर लावून चालत जावं लागतं. उलट हिरव्या कार्डवाल्याला पिवळ्या नंबरप्लेटची गाडी चालवायची मनाई. आता नवरा हिरवा आणि बायको निळी असेल, आणि असे संसार पुष्कळ आहेत, तर गाडी तिच्या नावावर, चालवणारही तीच. रामल्ला आणि जेरुसलेमच्या मधल्या कलंदियाच्या नाक्यावर तो उतरतो, पायी जाणाऱ्यांच्या फिरत्या लोखंडी दारातून स्वतंत्र रांगेने जातो, अर्थात परवाना असेल तरच. आणि ती मुलांना घेऊन गाडीच्या रांगेत. पलीकडे पुन्हा भेट.

रंग दुरून दिसावा हाच हेतू आहे. लांबूनच जवानाला कळतं की गाडी हात दाखवून सोडायची की थांबवायची.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातल्या १९९५च्या दुसऱ्या ओस्लो कराराने वेस्ट बँकचे अ, ब, क असे तुकडे पाडले. ‘अ’ सुमारे १८ टक्के, शहरांचा भाग. कारभार आणि पोलीस पॅलेस्टिनी. ‘ब’ सुमारे २२ टक्के. कारभार पॅलेस्टिनी, सुरक्षा इस्रायली. उरलेला ६० टक्के ‘क’, पूर्ण इस्रायली अंमलाखाली. करार पाच वर्षांच्या मधल्या काळासाठी होता. प्रवासाच्या दृष्टीने यातला एकच मुद्दा महत्त्वाचा: ‘अ’ आणि ‘ब’ हे अखंड पट्टे नाहीत, ‘क’च्या समुद्रातली बेटं आहेत. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं तर ‘क’मधला रस्ता लागतोच, आणि तो रस्ता लष्कराचा.

नाके, गेटं, ढिगारे

वेस्ट बँकचं क्षेत्रफळ साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याहून जरासं मोठं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवीय समन्वय कार्यालयाने, म्हणजे ‘ओचा’ने, २०२५च्या सुरुवातीला तिथले अडथळे मोजले. आकडा आला ८४९. दोन वर्षांपूर्वीच्या मोजणीत तो ६४५ होता.

हे सगळे काही जवान उभे असलेले नाके नाहीत. कायम पहारा असलेले नाके यात थोडे. काही ठिकाणी मनोरा आणि आडवा दांडा असतो, पण जवान कधी असतात, कधी नसतात. मग मातीचे ढिगारे, काँक्रीटचे ठोकळे, खणलेले चर. ढिगारा टाकायला एक बुलडोझर आणि अर्धा तास पुरतो. काढायचा मुहूर्त कित्येक महिने लागत नाही. ‘उडता नाका’ म्हणजे रस्त्यात आडवी लावलेली लष्करी जीप. तासाभरात येते, तासाभरात जाते, त्यामुळे कुठल्याच यादीत मावत नाही.

पण अलीकडे वाढली ती लोखंडी गेटं. गावातून मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या फाट्यावर दोन खांब आणि एक आडवा लोखंडी पट्टा. हे फार स्वस्त हत्यार आहे. नाक्यावर पाळ्या लावून जवान ठेवावे लागतात, त्यांना जेवण-पाणी, शेड, वीज लागते. गेटला एक कुलूप लागतं. सकाळी कुलूप घातलं की दोन-चार हजारांचं गाव बंद. ते कधी उघडणार हे सांगायला समोर माणूसही नसतो, त्यामुळे विनंती करायची तरी कुणाला? दुधाची गाडी, शाळेचे शिक्षक, प्रसूतीला निघालेली बाई, सगळे गेटपर्यंत येतात, पायी ओलांडतात आणि पलीकडे दुसरी गाडी शोधतात. मालही असाच, अलीकडच्या टेम्पोतून पलीकडच्या टेम्पोत.

गेटं फाट्यांवरच का? वेस्ट बँकचा कणा म्हणजे रस्ता क्रमांक ६०. जेनिनच्या बाजूने नाब्लुस, रामल्ला, बेथलेहेम, हेब्रोन असा तो दक्षिणोत्तर जातो आणि वसाहतींमधले इस्रायलीही तोच वापरतात. त्या रहदारीवर दगड किंवा गोळी येऊ नये म्हणून फाटे तोडणं ही लष्कराच्या दृष्टीने सोपी युक्ती. मुख्य रस्त्याखालून पॅलेस्टिनी गावांसाठी बोगदे आणि अरुंद जोडरस्ते काढलेत. इस्रायली प्रशासनाने त्यांना दिलेल्या नावाचा अर्थ होतो ‘जीवनाची वीण’. नाव ठेवणाऱ्याला त्या बोगद्यात ट्रक घेऊन जावं लागत नसणार.

नाक्यावर नेमकं काय होतं? जवान कार्ड घेतो, क्रमांक संगणकात किंवा वायरलेसवर तपासतो. एका गाडीला अर्धं मिनिट लागलं तर रांग सरकते. तीन मिनिटं लागली तर कंटेनरसारख्या नाक्यावर रांग दरीत कित्येक वळणं खाली पोहोचते, कारण दक्षिण वेस्ट बँकला उरलेल्या भागाशी जोडणारा पॅलेस्टिनींचा मुख्य रस्ता हाच. तपासणी कडक करायचा हुकूम आला की जवान रस्ता ‘बंद’ करत नाहीत, नुसते हळू होतात. कागदावर नाका उघडाच असतो.

लोक ‘सर्व्हिस’ने फिरतात, म्हणजे आपलं वडापच. सात माणसं भरली की पिवळी गाडी निघाली. चालकाचं खरं साधन स्टिअरिंगपेक्षा फोन. टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपवर ‘अहवाल अत्तुरुक’, रस्त्यांची हालहवाल, असे मोठमोठे गट आहेत. कुणीतरी नाब्लुसजवळच्या हुवारा नाक्याबद्दल विचारतो, ‘हुवारा कसा?’ आणि एका शब्दात उत्तर येतं. ‘सालेक’ म्हणजे मोकळा. ‘अज़्मे’ म्हणजे तुंबलेला. ‘म्सक्कर’ म्हणजे बंद. मोबाइलवरचे नेहमीचे नकाशे इथे फसवे ठरतात. त्यांना रस्ता दिसतो, कार्ड दिसत नाही. चालक गटावर भरवसा ठेवून डोंगरातला कच्चा रस्ता धरतो, आणि वीस मिनिटांत त्या रस्त्यावर सगळेच आलेले असतात.

परवाना

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. १९७२पासून जवळपास दोन दशकं वेस्ट बँक आणि गाझातले लोक इस्रायलमध्ये बऱ्यापैकी मोकळे फिरत होते. लष्कराने एकत्रित ‘सर्वसाधारण परवाना’ दिला होता. कुणी स्वतंत्र कागद मागत नव्हतं. मजूर तेल अवीवला जायचे, इस्रायली कुटुंबं वेस्ट बँकच्या बाजारात यायची. जानेवारी १९९१मध्ये, आखाती युद्धाच्या तोंडावर, तो सर्वसाधारण परवाना रद्द झाला आणि प्रत्येकाने आपापला परवाना काढावा असं ठरलं. मार्च १९९३मध्ये, हल्ल्यांच्या एका लाटेनंतर, सरसकट बंदी आली आणि जेरुसलेमभोवती नाके पक्के झाले. ओस्लोचा पहिला करार त्याच वर्षी सप्टेंबरमधला. शांततेच्या करारावर सह्या व्हायच्या आधीच हालचाल हक्काची न राहता सवलतीची झाली होती, एवढं या तारखांवरून दिसतं.

परवान्याला अरबीत ‘तसरीह’ म्हणतात. मजुराचा तसरीह कसा निघतो ते पाहू. आधी तुमच्या क्रमांकावर सुरक्षेची किंवा पोलिसांची मनाई नसावी लागते. मग लष्कराच्या जिल्हा समन्वय कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो देऊन मॅग्नेटिक कार्ड काढायचं. अर्ज मात्र मजूर करत नाही. इस्रायलमधला मालक त्याच्या नावाने करतो, बांधकाम, शेती, कारखाने अशा ठरलेल्या कोट्यातून. नंतर इस्रायलची अंतर्गत गुप्तचर संस्था शिन बेत नाव तपासते. परवाना आला तर त्यावर मुदत असते, काही महिन्यांची, आणि तासही असतात: पहाटे आत, रात्री परत. अलीकडे तो ‘अल मुनसिक’ म्हणजे ‘समन्वयक’ नावाच्या मोबाइल अॅपवरही दिसतो. ते अॅप लष्कराच्या समन्वय विभागाचं, आणि फोनमधली माहिती पाहायची परवानगी मागण्यावरून त्याबद्दल कोर्टकज्जेही झाले आहेत.

मग रोजचं जाणं. इस्रायलमध्ये शिरायचे नाके ठरलेले: तुलकरमजवळचं शार एफ्राइम, कल्किल्याजवळचं एयाल, हेब्रोनच्या पश्चिमेचं तर्कुमिया, बेथलेहेमचा ‘३०० नंबर’. सात वाजता कामावर हजर राहायचं तर रांगेत तीन-चारला उभं राहावं लागायचं. लोखंडी जाळीच्या बोळातून फिरतं दार, मेटल डिटेक्टर, डब्याच्या पिशवीचा एक्स-रे, मग कार्ड आणि ठसा. सिमेंटने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला वाचता येत नाही, हा गवंड्यांचा नेहमीचा त्रास.

बिघडतं कुठे, तर मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे दलाल. परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असल्याने ज्या मालकाकडे कोटा आहे पण काम नाही, तो परवाना दलालामार्फत विकतो. महिन्याला दोन-अडीच हजार शेकेल (इस्रायली चलन) असा भाव चालत होता. मजुराच्या कमाईचा मोठा लचका. २०२०च्या अखेरीस बांधकाम क्षेत्रात मजुराला मालक बदलता यावा म्हणून नियम बदलले, तरी दलाल काही गेले नाहीत.

दुसरं ठिकाण मनाई. ‘सुरक्षेच्या कारणास्तव नामंजूर.’ कारण सांगत नाहीत, कारण ते गुप्त. घरातला कुणी लष्कराच्या गोळीने मेला असेल तर सूडाच्या शक्यतेचा विचार करून सगळ्या घराला मनाई लागते. अपील आहे: आधी समन्वय कार्यालयात अर्ज, मग वकील धरून इस्रायली न्यायालयात याचिका. आणि इथे एक विचित्र प्रकार वारंवार घडत आला आहे. याचिका दाखल झाली की सुनावणीआधीच मनाई उठते. म्हणजे पक्कं कारण असेल तेव्हा मनाई टिकते, आणि नुसती लागून राहिलेली असेल तर वकिलाच्या फीपुरतीच तिची ताकद असते. ज्याच्याकडे फी नाही त्याची मनाई राहते.

या सगळ्यावर ‘सेगर’, म्हणजे सरसकट बंदी. ज्यूंच्या मोठ्या सणांना आणि हल्ल्यानंतर ती लागते. त्या दिवशी खिशातला वैध परवाना नुसता कागद.

७ ऑक्टोबर २०२३ला हमासच्या हल्ल्यानंतर परवाने जवळपास सगळे गोठवले गेले. त्याआधी दीड लाखाहून जास्त पॅलेस्टिनी इस्रायलमध्ये आणि वसाहतींमध्ये कामाला जात होते. इस्रायलची अर्धी बांधकामं ठप्प झाली, आणि इथे आपला धागा येऊन मिळतो. जानेवारी २०२४मध्ये रोहतक आणि लखनौला इस्रायलमधल्या कामासाठी सेंट्रिंगवाले, गवंडी, लादीवाले निवडायला रांगा लागल्या. पुढची एक फेरी महाराष्ट्रातही झाली. ज्या मचाणावर आज भारतीय मजूर चढतो, त्यावर काल चढणारा माणूस काही किलोमीटरवर हिरवं कार्ड घेऊन घरी बसलेला आहे. परवान्याचं हत्यार किती दूरवर पोहोचतं त्याचा हा नमुना.

भिंत आणि शेत

२००२मध्ये इस्रायलने विभाजक भिंतीला मंजुरी दिली. आखलेली लांबी सुमारे ७१२ किलोमीटर. १९४९च्या शस्त्रसंधीची ‘हिरवी रेषा’ सुमारे ३२० किलोमीटर. भिंत रेषेच्या दुपटीहून लांब कशी, याचं उत्तर असं की आखणीचा सुमारे ८५ टक्के भाग रेषेवर नाही, वेस्ट बँकच्या आत आहे आणि वसाहतींना कवेत घेत नागमोडी जातो. शहरांजवळ आठ मीटर उंच काँक्रीट. बाकी ठिकाणी तारेचं कुंपण, गस्तीचा रस्ता आणि माग दिसावा म्हणून सारवलेली वाळूची पट्टी.

भिंत आणि हिरवी रेषा यांच्यामध्ये सापडलेली जमीन म्हणजे ‘शिवणपट्टा’. उत्तरेकडचा हा पट्टा ऑक्टोबर २००३मध्ये बंद लष्करी क्षेत्र झाला. आत घर असेल तर स्वतःच्या घरात राहायला परवाना. शेत असेल तर शेतात जायला परवाना, मालकीचे कागद दाखवून. आजोबांच्या नावावरची जमीन वाटण्या न होता चालत आली असेल, आणि ती बहुतेक तशीच आलेली असते, तर प्रत्येक नातवाच्या वाट्याला किती येते हे मोजून ‘एवढ्या तुकड्याला एवढी माणसं लागत नाहीत’ असं उत्तर मिळतं. सातबाऱ्यावर पंधरा नावं पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको.

परवाना मिळाला तरी गेट आहेच. ऑक्टोबर २०२३आधी काही गेटं रोज उघडायची, तीही सकाळी, दुपारी, संध्याकाळी अर्धा-पाऊण तास. काही आठवड्यातून ठरलेल्या दिवशी. बरीच फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऑलिव्हच्या तोडणीला. ऑलिव्हला बाकी वर्षभर काम नसतं असं धरलं तरच हे चालतं. पण नांगरट, छाटणी, तण काढणं कोण करणार? तण वाढलं की उन्हाळ्यात वणवा लागतो, आणि गेट बंद असल्याने तो विझवायला कुणी पोहोचत नाही. भाजीपाला तर अशा शेतात होतच नाही. रोज पाणी देता येत नाही. म्हणून लोक भाजी सोडून ऑलिव्हकडे वळतात, मग उत्पन्न घटतं, आणि ‘जमीन कसली जात नाही’ हा शेरा पुढच्या परवान्याच्या वेळी आड येतो.

जून २००४मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने बैत सुरिक गावाच्या प्रकरणात शेतकऱ्यांचं नुकसान सुरक्षेच्या फायद्याच्या मानाने फार जास्त आहे म्हणत सुमारे ३० किलोमीटरची आखणी रद्द केली. पुढच्याच महिन्यात, ९ जुलैला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ताब्यातल्या प्रदेशातली अख्खी भिंतच बेकायदा आहे असं सल्लामत दिलं. इस्रायलने ते मानलं नाही. त्यांचा युक्तिवाद हलका नाही: २००० ते २००५ या दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, सुमारे हजार इस्रायली मेले, बस आणि हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले, आणि भिंतीनंतर ते थांबले. युद्धात नागरिकांच्या रक्षणासाठी झालेला १९४९चा चौथा जिनिव्हा करारही सुरक्षेसाठी आवश्यक बंधनं घालायला मुभा देतो. प्रश्न राहतो तो असा, की नाब्लुसहून रामल्लाला जाणारा माणूस इस्रायलमध्ये शिरतच नाही, मग त्याच्या वाटेतला नाका कुणाला वाचवतो? इस्रायलचं उत्तर: वसाहतींना आणि त्यांच्या रस्त्यांना. टीकाकार म्हणतात, वसाहतीच मुळात त्याच करारात न बसणाऱ्या, तेव्हा त्यांच्या सोयीसाठी तीस लाखांना अडवणं कसं बसेल? त्याच कराराचं ३३वं कलम सामूहिक शिक्षेला मनाई करतं. १९ जुलै २०२४च्या सल्लामतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा ताबाच आता बेकायदा असल्याचं म्हटलं.

कोर्टात जिंकलेला रस्ता प्रत्यक्षात कसा मिळतो याचं उदाहरण ४४३ क्रमांकाचा रस्ता. २००२पासून तो पॅलेस्टिनींना बंद होता. डिसेंबर २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदी बेकायदा ठरवली, मे २०१०मध्ये रस्ता उघडला. पण जेरुसलेमला जाता येत नाही आणि रामल्लाला उतरायचा फाटा बंदच. न कुठून येणारा, न कुठे जाणारा तुकडा मिळाला. २०१९मध्ये जेरुसलेमजवळ सुरू झालेल्या ४३७० क्रमांकाच्या रस्त्यावर तर मधोमध आठ मीटरची भिंतच आहे. एका बाजूला पिवळ्या गाड्या, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या.

रुग्ण

कर्करोग, हृदय, नवजात बाळं यांचे मोठे उपचार पूर्व जेरुसलेममधल्या मुकस्सद आणि ऑगस्टा व्हिक्टोरियासारख्या रुग्णालयांत होतात. लागणारे कागद: डॉक्टरचा अहवाल, रुग्णालयाची तारीख, खर्च उचलण्याची पॅलेस्टिनी आरोग्य खात्याची हमी, मग लष्कराचा परवाना. सोबत येणाऱ्याला वेगळा परवाना. तरुण बापाला तो नाकारला जाण्याची शक्यता जास्त, म्हणून लेकराबरोबर आजी दिसते. पॅलेस्टिनी अॅम्ब्युलन्स सहसा जेरुसलेममध्ये सोडत नाहीत. नाक्यावर दोन अॅम्ब्युलन्स पाठीला पाठ लावून उभ्या राहतात, स्ट्रेचर एकीतून दुसरीत. सलाइन, ऑक्सिजन काढून पुन्हा जोडायचं, आणि दुसरी गाडी वेळेवर आली तर.

पूल

वेस्ट बँकमध्ये विमानतळ नाही. रामल्लापासून इस्रायलचा बेन गुरियन चाळीसेक किलोमीटर, पण हिरव्या कार्डाला विशेष परवाना लागतो आणि तो क्वचित मिळतो. म्हणून जग गाठायचं तर जॉर्डन नदीवरचा अॅलनबी पूल, मग जॉर्डनची राजधानी अम्मान, मग विमान.

क्रम असा. आधी जेरिकोतली ‘इस्तिराहा’, पॅलेस्टिनी टर्मिनल: पासपोर्ट, निर्गमन शुल्क, सामान. तिथून बसने इस्रायली टर्मिनल: खरा निर्णय इथे. पुन्हा बस, पूल, जॉर्डनचं टर्मिनल. नदी इथे ओढ्याएवढी, ओलांडायला मिनिट लागत नाही. आणि तीन सरकारांच्या तीन रांगांमध्ये दिवस जातो. शुक्रवारी, शनिवारी आणि सणांना पूल लवकर बंद होतो किंवा उघडतच नाही, म्हणून जाणती माणसं विमानाच्या आदल्या दिवशी निघून रात्र अम्मानला काढतात. सुट्टीत, हजच्या आधी, तर नक्कीच.

सर्वात मोठी फसगत म्हणजे परदेशप्रवासाची मनाई आधी कळत नाही. तिकीट, व्हिसा, प्रवेश सगळं हातात, आणि इस्रायली खिडकीवर सांगतात: परत जा. म्हणून अनुभवी लोक तिकीट काढण्याआधी समन्वय कार्यालयात अर्ज टाकून आपल्यावर मनाई आहे का हे विचारून घेतात. उत्तराला आठवडे लागू शकतात, तरी पुलावर कळण्यापेक्षा बरं.

निळ्या कार्डवाल्यांना, म्हणजे पूर्व जेरुसलेमकरांना, हा त्रास कमी; त्यांची भीती उलटी आहे. ते नागरिक नाहीत, ‘कायम रहिवासी’ आहेत. परदेशात सात वर्षं राहिलं किंवा वेस्ट बँकमध्येच स्वस्त घर घेऊन ‘जीवनाचं केंद्र’ हलवलं, तर रहिवास जातो. १९६७पासून चौदा हजारांहून जास्त लोकांचा गेला आहे. म्हणून जेरुसलेममधली माणसं वीजबिल, पाणीपट्टी, मुलांच्या शाळेच्या पावत्या वर्षानुवर्षं जपून ठेवतात.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांचं काय? वसईतून, गोव्यातून यात्रा घेऊन जाणारे गट जेरुसलेमहून बेथलेहेमला जातात, तेव्हा पर्यटक बस बहुधा न थांबता जाते. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. इस्रायल पासपोर्टवर शिक्का मारत नाही, प्रवेशाची छोटी चिठ्ठी देतं. ती हरवू नये. इस्रायली कंपनीची भाड्याची गाडी असेल तर विमा ‘अ’ भागात चालतो का ते करारात पाहावं; बहुधा चालत नाही. आणि ‘अ’च्या तोंडाशी लाल पाट्या लागतात, त्यावर इस्रायली नागरिकांना प्रवेशबंदी लिहिलेली असते, ती परदेशी प्रवाशांना लागू नाही.

साधी बस धरायची तर जेरुसलेमच्या दमास्कस दरवाजाजवळून २३१ नंबरची. जाताना कुणी विचारत नाही. येताना नाक्यावर बस थांबते, निळ्या कार्डवाले तरुण खाली उतरून रांगेत उभे राहतात, म्हातारे आणि परदेशी बसून राहतात. जवान आत चढला की पासपोर्ट आणि ती चिठ्ठी दाखवायची. खाली उतरलेले सगळे परत चढेपर्यंत बस हलत नाही.